उभ्या गाडीची भूक

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक ती किती वेगाने धावते, एकदा चार्ज केल्यावर किती किलोमीटर जाते आणि पेट्रोलच्या मानाने किती पैसे वाचवते या प्रश्नांपासून सुरुवात करतात. बोरीवलीपुरते पाहिले तर ही सुरुवात भलत्याच टोकाकडून होते, कारण बोरीवलीतील खासगी मोटारीचे मुख्य काम धावणे हे नसून उभे राहणे हे आहे. शिंपोली, चिकूवाडी, बाभई, वझिरा नाका, योगीनगर किंवा पूर्वेकडील कुलुपवाडी, दत्तपाडा अशा कोणत्याही भागातील नोकरदार गृहस्थ सकाळी शेअर रिक्षाने स्टेशन गाठतो, 34 किलोमीटरवरच्या चर्चगेटला लोकलने जातो किंवा अलीकडे मेट्रोने अंधेरीच्या बाजूला उतरतो, आणि ज्या मोटारीसाठी त्याने सात वर्षांचे कर्ज काढलेले असते ती मोटार दिवसभर सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर, कापडी कव्हर पांघरून उभी असते. ती हलवण्याचे प्रसंग ठरलेले आहेत: रविवारची खरेदी, विमानतळावर उतरणारा पाहुणा, विरारपलीकडचे लग्न आणि गणपतीतले कोकण. त्यातही सोसायटीत प्रत्येकाला जागा नेमून दिलेली नसेल, तर गाडी बाहेर काढणे म्हणजे जागेवरचा ताबा सोडणे होय, हे ओळखून असलेले सुज्ञ सभासद पाहुण्याला रिक्षानेच यायला सांगतात.

अशा गाडीची विजेची भूक मुळात बेताचीच असणार, तेव्हा तिच्यामुळे गल्लीतला वीजपुरवठा कोलमडेल ही भीती निराधार आहे, असा निष्कर्ष वाचक काढू शकतो, आणि तो निम्मा बरोबर आहे. गाडीला वीज थोडी लागते आणि ती केव्हा मिळते याच्याशी गाडीला काही देणेघेणे नसते. घाई असते ती मालकाला. तो रात्री साडेआठच्या सुमारास घरी येतो, लिफ्टकडे वळण्यापूर्वी चार्जरची वायर गाडीला लावतो, समोरच्या विंगमधला मालकही नेमक्या त्याच सुमारास तेच करतो, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यांवर दिवे, टीव्ही, मिक्सर, गिझर व एसी एकापाठोपाठ एक सुरू झालेले असतात. घरगुती चार्जिंगचा जो प्रश्न जगभरच्या वीज अभियंत्यांना छळतो, तो विजेच्या एकूण खपाचा नसून या सामुदायिक मुहूर्ताचा आहे.

हे नीट समजण्यासाठी दोन मोजमापांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. किलोवॅट हे एका क्षणी वीज किती जोराने ओढली जात आहे याचे माप आहे, तर युनिट, म्हणजेच किलोवॅट-तास, हे एकूण किती वीज वापरली गेली याचे माप आहे; एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. वीजबिलावर युनिटचे आकडे छापलेले असतात म्हणून ग्राहक युनिटची चिंता करतो, परंतु तारा, फ्यूज आणि रोहित्र, ज्याला सर्वजण ट्रान्सफॉर्मर म्हणतात, यांना महिन्याच्या बेरजेशी कर्तव्य नसते. त्यांना त्या क्षणीच्या किलोवॅटचा भार सोसायचा असतो. गाडीसोबत मिळणारा, 15 अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर चालणारा चार्जर सुमारे 3.3 किलोवॅट ओढतो, आणि भिंतीवर बसवायचा 32 अँपिअरचा चार्जर सुमारे 7.4 किलोवॅट. दीड टनाचा एसी जोरात चालू असताना साधारण दीड किलोवॅट घेतो, हे लक्षात घेतले तर भिंतीवरचा एक चार्जर लावणे म्हणजे घरात एकदम पाच एसी सुरू करणे आहे, आणि तेही अशा घरात, जिथे दुसऱ्या खोलीत एसी बसवावा की नाही यावर गेली दोन वर्षे चर्चा चाललेली असते.

आता एक सात मजली, 28 सदनिकांची इमारत गृहीत धरावी आणि आणखी काही वर्षांनी प्रत्येक घराची एक विजेची गाडी असेल असे मानावे. सर्वांनी 7.4 किलोवॅटचे चार्जर एकाच वेळी सुरू केले तर केवळ गाड्यांची मागणी 207 किलोवॅट होते. याच गाड्यांची गरज किती आहे ते दुसऱ्या बाजूने मोजावे: प्रत्येक गाडी रोज 40 किलोमीटर धावते असे उदार मनाने धरले, जे बोरीवलीच्या गाडीवर उघडउघड अन्याय करणारे आहे, आणि एका युनिटमध्ये ती साडेसहा-सात किलोमीटर जाते असे मानले, तर तिला रोज सुमारे 6 युनिट वीज लागते. 28 गाड्यांची मिळून 168 युनिट होतात, आणि ती रात्रीच्या आठ तासांत सारखी वाटून दिली तर लागणारा जोर अवघा 21 किलोवॅट भरतो. 207 आणि 21 या दोन आकड्यांमध्ये वीज तेवढीच आहे, गाड्या त्याच आहेत, सकाळी प्रत्येकाला मिळणारे किलोमीटरही तितकेच आहेत. फरक फक्त सर्वांनी एकदम हात पुढे करण्यात आणि न करण्यात आहे. सहकार हे ज्या संस्थांचे कायदेशीर नाव आहे, त्यांच्या सहकाराची परीक्षा घेणारे याहून सोपे गणित शोधूनही सापडणार नाही.

इमारतीपर्यंत वीज येते कशी, हा पुढचा प्रश्न आहे. मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. पुढे ती रिलायन्सकडे आणि 2018 मध्ये अदानी समूहाकडे गेली, तरी जुने बोरीवलीकर आजही बिल भरायला ‘बीएसईएस’मध्येच जातात. 2008 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपनगरातील ग्राहकाला टाटा पॉवरची वीज घेण्याचीही मुभा मिळाली, त्यामुळे एकाच जिन्यावरचे दोन शेजारी दोन कंपन्यांचे ग्राहक असू शकतात आणि कोणाची कंपनी स्वस्त यावर बोलणे सोडू शकतात. कंपनी कोणतीही असो, मोठ्या उपकेंद्रातून 11,000 व्होल्टने निघालेली वीज गल्लीतल्या रोहित्रात 415 व्होल्टवर उतरवली जाते आणि तेथून जमिनीखालच्या केबलने इमारतीच्या मीटर रूममध्ये येते. कवटी आणि दोन हाडांचे चित्र असलेली लाल पाटी ज्या जाळीच्या दारावर असते, ज्यात मुलांचा क्रिकेटचा चेंडू गेला की तो त्या दिवसापुरता गेला असे समजतात, आणि ज्याच्या भिंतीवर क्लासेस व पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती असतात, तेच हे रोहित्र होय. रोज शेकडो माणसे त्याच्याशेजारून जातात, पण ते बंद पडेपर्यंत त्याची चौकशी कोणी करत नाही.

रोहित्राची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात, जे माप ढोबळमानाने किलोवॅटच्या जवळ जाते, आणि शहरी वस्त्यांत 630 केव्हीएची रोहित्रे सर्रास आढळतात. एका रोहित्रावर अनेक इमारती असतात. त्या सर्वांच्या मंजूर मागणीची बेरीज करून पाहिली तर ती रोहित्राच्या क्षमतेहून जास्तच निघते, आणि तरीही व्यवस्था चालते, कारण सगळी घरे सगळी उपकरणे एकाच क्षणी लावत नाहीत. एका घरी इस्त्री चालू असते तेव्हा दुसऱ्या घरी गिझर बंद असतो, तिसऱ्या घरचे लोक गावी गेलेले असतात. अभियंते याला भाराची विविधता म्हणतात, आणि संपूर्ण वीजवितरण माणसांच्या या परस्पर विसंगतीवर उभारलेले आहे. दोन माणसांचे कोणत्याही गोष्टीवर एकमत होत नाही हा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दृष्टीने शाप असला, तरी वीज अभियंत्याच्या दृष्टीने तो पाया आहे. विजेची गाडी हा पाया काढून घेते, कारण ती पाच-दहा मिनिटे नव्हे तर काही तास सलग भार ओढते आणि इतर सर्व बाबतींत एकमेकांशी न पटणाऱ्या सभासदांना रात्री साडेआठ वाजता एकमताने कामाला लावते. वर गृहीत धरलेल्या दहा इमारती एका रोहित्रावर असतील, तर गाड्यांचीच एकत्रित मागणी 2,070 किलोवॅट होते. तीच वाटून घेतली तर 210.

क्षमतेहून अधिक भार पडला की रोहित्र त्याच क्षणी फुटते असे नाही. ते तापते, आणि त्याच्या आतील वेटोळ्यांना गुंडाळलेला विद्युतरोधक कागद हळूहळू जळका व ठिसूळ होत जातो. या कागदाबाबत अभियंत्यांचा प्रचलित ठोकताळा असा की मर्यादेपलीकडे दर 6 अंश सेल्सिअस तापमान वाढले की त्याचे झिजणे दुप्पट होते. उत्तररात्री भार उतरतो तेव्हा रोहित्राला थंड व्हायला वेळ मिळतो, आणि हा वेळ त्याच्या दीर्घायुष्याचे खरे कारण असतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र शयनगृहांतले एसी पहाटेपर्यंत चालतात. मुंबईची एकूण मागणी अलीकडच्या उन्हाळ्यांत 4,000 मेगावॅटच्या पलीकडे गेलेली आहे, आणि बोरीवलीसारख्या राहत्या वस्तीत तिचा मोठा वाटा घरोघरच्या थंड खोल्यांचा असतो. रात्रीच्या याच एसीच्या भारावर गाड्यांचा भार येऊन बसतो.

मोठा समुदाय एकाच क्षणी एकच कृती करतो तेव्हा वीजजाळ्याचे काय होते, याचा देशव्यापी दाखला 5 एप्रिल 2020 रोजी मिळाला. त्या रात्री 9 वाजता 9 मिनिटे घरातले दिवे बंद करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली आणि मग पुन्हा चढली. हे सांभाळण्यासाठी देशभरातील जलविद्युत केंद्रे आधीपासून सज्ज ठेवली होती, वेळ सर्वांना ठाऊक होती आणि अभियंत्यांना तयारीला दिवसही मिळाले होते, म्हणून जाळे टिकले. बोरीवलीचा मोटारमालक असे कोणतेही आवाहन न होता, कोणालाही न कळवता, रोज हाच प्रयोग उलट दिशेने करू शकतो. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला सकाळी मुंबईची वीज गेली ती चार्जिंगमुळे नव्हे, तर शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्यामुळे. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबईची बरीचशी वीज लांबून, थोडक्या वाटांनी येते ही बाब शहराला कळली. त्यानंतर 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि कुडूसपासून आरेपर्यंत सुमारे 80 किलोमीटरच्या, 1,000 मेगावॅट क्षमतेच्या वाहिनीचे काम हाती घेण्यात आले. परंतु शहराच्या वेशीपर्यंत कितीही वीज आली, तरी गल्लीतले रोहित्र आणि इमारतीची केबल तीच राहते.

त्या केबलचे टोक ज्या मीटर रूममध्ये संपते, ती खोली जवळून पाहण्यासारखी असते. 1980 च्या सुमारास बांधलेल्या इमारतीत ती जिन्याखाली असते. लाकडी फळीवर दोन ओळींत मीटर बसवलेले असतात, त्यांच्यावर सदनिकांचे क्रमांक रंगाने लिहिलेले असतात आणि दोन पिढ्यांपूर्वीच्या मालकांची आडनावे अजून पुसलेली नसतात. खाली मुख्य फ्यूज असतो, आणि त्याच्यासमोर, म्हणजे जिथे अडचणीच्या वेळी वायरमनने उभे राहावे अशी अपेक्षा असते तिथे, मागच्या गणेशोत्सवाचे थर्माकोलचे मखर, तुटक्या प्लास्टिक खुर्च्या, कोणाचीही नसलेली एक सायकल आणि होळीनंतर उरलेला दोर ठेवलेला असतो. ही खोली आखली गेली तेव्हा एका घराची सर्वांत मोठी महत्त्वाकांक्षा फ्रिज ही होती. तिच्यातून प्रत्येकी 32 अँपिअरचे 28 चार्जर चालवायचे, तर आधी मुख्य केबल, मग पॅनेल, मग प्रत्येक गाडीपर्यंतची स्वतंत्र वायर आणि अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावी यासाठीची जोडणी, हे सर्व नव्याने करावे लागते. मखराचे काय करायचे हा विषय त्याच्याही आधीचा आहे.

या खर्चाला वळसा घालण्याचा लोकमान्य मार्ग म्हणजे एक्स्टेन्शन. तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातील सॉकेटमधून निघालेली पांढरी वायर खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर येते, कपडे वाळत घालण्याच्या दोरीला वळसा घालते, खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर टेकते आणि स्टिल्टमधील विजेच्या स्कूटरपर्यंत पोहोचते. स्कूटरचा भार एक किलोवॅटच्याही आत असल्याने हा संसार बरेच दिवस चालतो, आणि त्या यशामुळे पुढे मोटारही त्याच वायरवर लावण्याचा मोह होतो. घरगुती बोर्डची वायर तासन्‌तास 15 अँपिअर वाहण्यासाठी केलेली नसते, ती सांध्याशी तापते, प्लग मऊ पडतो आणि पावसाळ्यात छज्ज्यावरचे पाणी उरलेले काम करते. काही सभासद याहून दूरदर्शी असतात आणि लिफ्टच्या बाजूचे, कॉमन मीटरवरचे सॉकेट वापरतात, जे मूळचे वॉचमनच्या पंख्यासाठी असते. एका स्कूटरच्या चार्जिंगला तीन-चार युनिट लागतात, म्हणजे रक्कम पाच मजली इमारतीत वाटली तर चहाचीही होत नाही, परंतु सामाईक बिलात झालेली वाढ सोसायटीच्या राजकारणात रकमेवरून मोजली जात नाही.

कायद्याने या बाबतीत मोटारमालकाची बाजू पुष्कळ घेतली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 मधील मार्गदर्शक सूचनांत मालकाला घरच्या चालू वीजजोडणीवरच गाडी चार्ज करण्याची मोकळीक दिली. ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येऊ लागली आणि महानगरांत नवी जोडणी देण्याची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आली. आणि 2019 पासून केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत नव्या इमारतींच्या वाहनतळाचा 20 टक्के भाग चार्जिंगयोग्य असावा अशी तरतूद आहे, जिचा लाभ पुनर्विकासाच्या टॉवरांना होतो. वीज कंपनी तीन दिवसांत जोडणी देईल, हे खरे. पण वायर ज्या भिंतीवरून जायची ती भिंत सोसायटीची आहे, आणि सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नुसती सूचनाच 14 दिवस आधी काढावी लागते. ती सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होते, त्याच जागी त्याच माणसांनी पुन्हा भरते, मागील इतिवृत्त कायम करण्यातच तास जातो, आणि चार्जिंगचा मुद्दा ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या सदरात, गळती आणि कबुतरे यांच्यानंतर येतो.

सभेत या विषयावर साधारण तीन पंथ आढळतात. पहिला पंथ विरोधकांचा, ज्यांच्याकडे विजेची गाडी नसते आणि ज्यांचा मुद्दा असा की ‘चेअरमनसाहेब, उद्या आग लागली तर जबाबदार कोण’. हा प्रश्न योग्य असला तरी त्याचे उत्तर चांगली वायर, स्वतंत्र ब्रेकर आणि अर्थिंग हे असते, आणि उत्तर मिळाल्यावर प्रश्नकर्त्याचा उत्साह ओसरतो. दुसरा पंथ पहिल्या गाडीवाल्यांचा, जे म्हणतात की परवानगी त्यांच्यापुरती द्यावी, पुढच्यांचे पुढे बघू; पहिल्या चार-पाच जणांना इमारतीच्या केबलमधील उरलीसुरली क्षमता पुरते आणि सहाव्याला ‘क्षमता संपली’ अशी पाटी दिसते, त्यामुळे हा पंथ नेहमी घाईत असतो. तिसरा पंथ ‘काका, एवढी घाई कशाला, टॉवर होणारच आहे’ असे म्हणणाऱ्यांचा असून, पुनर्विकास गेली बारा वर्षे पुढच्या वर्षी होणार असल्याने त्याच्याशी वाद घालणे अशक्य असते. ज्या मुद्द्यावर ही सभा बोलत नाही तो मुद्दा एकच: चार्जर किती बसवायचे यापेक्षा ते एकाच वेळी किती चालू द्यायचे, हे ठरवणे.

याविषयी सोसायट्यांना काहीच अनुभव नाही असेही म्हणता येत नाही. महापालिकेचे पाणी ठरावीक तासांतच येते, ते जमिनीखालच्या टाकीत साठवले जाते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि तेथून घरोघरी वेळा पाळून सोडले जाते. कोणीही सभासद आपल्या नळाला मुख्य जलवाहिनीच्या पूर्ण दाबाचा हक्क सांगत नाही, कारण साठा आणि वेळ या दोन गोष्टींनी दाबाची गरज कमी होते, हे त्याला कोणी न शिकवता कळलेले असते. गाडीची बॅटरी ही अशीच घरची टाकी आहे, आणि ती 30 ते 45 युनिट वीज साठवणारी, म्हणजे बोरीवलीच्या सवयीने आठवडाभर पुरणारी टाकी आहे. तरीही मालकाची वृत्ती ती रोज काठोकाठ भरण्याची असते. बॅटरीवर 82 टक्के दिसले की त्याला झोप येत नाही. न जाणो, रात्री दोन वाजता पुण्याला जावे लागले तर, अशी भीती तो बोलून दाखवतो, जरी गेल्या दहा वर्षांत तो रात्री दोन वाजता गच्चीवर मोबाइलचे नेटवर्क शोधण्यापलीकडे कुठेही गेलेला नसतो.

यावर अभियंत्यांनी सुचवलेला पहिला उपाय म्हणजे वेळापत्रक: वायर संध्याकाळी लावावी, पण वीज मध्यरात्रीनंतर सुरू व्हावी, असे गाडीच्या किंवा चार्जरच्या अॅपमध्ये नोंदवून ठेवावे. उपाय सोपा आहे आणि त्याची अडचणही तितकीच सोपी आहे. सर्वांनी 12 चा आकडा निवडला, जो मनुष्यस्वभाव आहे, तर साडेआठचा डोंगर उचलून 12 वाजता ठेवला जातो, आणि ज्या घटकेला रोहित्राला उसंत मिळायची त्याच घटकेला त्याच्यावर दुसरी लाट येते. ब्रिटनमध्ये घरगुती चार्जरसाठी जे नियम 30 जून 2022 पासून लागू झाले, त्यांनी या स्वभावाची दखल घेतली आहे: विकला जाणारा चार्जर कामकाजाच्या दिवशी सकाळी 8 ते 11 आणि दुपारी 4 ते रात्री 10 या गर्दीच्या वेळा टाळण्यासाठी आधीच लावून ठेवलेला असला पाहिजे, मालकाला हवे तर त्याने तो बदलावा, आणि नेमलेली वेळ झाली तरी चार्जरने दहा मिनिटांपर्यंतचा स्वैर विलंब करून मगच सुरू व्हावे, म्हणजे हजारो चार्जर एकाच सेकंदाला जागे होणार नाहीत. सर्वांनी थोडा वेगवेगळा उशीर करावा हे कायद्याने लिहून द्यावे लागले, ही त्या देशाच्या वक्तशीरपणाची शिक्षा होय. भारतीय प्रमाणवेळेवर वाढलेल्या समाजाला ती तरतूद जन्मजात अवगत आहे, फक्त ती लग्नाच्या मुहूर्तांवरून चार्जरकडे वळवायची आहे.

दुसरा उपाय अधिक शहाणा आहे आणि त्याला भाराचे गतिमान व्यवस्थापन म्हणतात. यात इमारतीच्या मुख्य केबलभोवती विजेचा प्रवाह मोजणारे कडे बसवतात. इमारत त्या क्षणी किती वीज घेत आहे हे ते सतत मोजते, मर्यादेपर्यंत किती जागा उरली ते नियंत्रकाला सांगते, आणि नियंत्रक ती उरलेली जागा लावलेल्या गाड्यांत वाटतो. लिफ्ट, पंप आणि एसी जोरात असले की गाड्यांचा वाटा कमी होतो, पहाटे सगळे शांत झाले की वाढतो. चार्जर आणि गाडी यांच्यातील प्रमाणित संकेतपद्धतीत हा वाटा 32 अँपिअरपासून 6 अँपिअरपर्यंत उतरवता येतो, आणि 6 अँपिअर म्हणजे 1.4 किलोवॅटच्या आत. सर्व 28 गाड्या एकाच वेळी याच किमान दराने चालल्या तरी बेरीज 39 किलोवॅटच्या आत राहते. याचा खर्च प्रत्येकाने वेगळा चार्जर, वेगळी केबल आणि वेगळे भांडण घेण्यापेक्षा कमी पडतो. एकच गोष्ट सोसायटीला खटकते, ती म्हणजे यंत्र सेक्रेटरीची गाडी ओळखत नाही. त्यामुळे प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती नेमण्याची सूचना येते, तिच्यात डॉक्टर असलेल्या सभासदाला आधी, ज्येष्ठांना त्यानंतर, आणि मेंटेनन्स थकवणाऱ्यांना शेवटी असा मसुदा तयार होतो, आणि अॅपचा पासवर्ड वॉचमनकडे राहतो.

दरही या मांडणीत मदत करतात. वेळेनुसार वीजदर ही पद्धत उद्योगांना महाराष्ट्रात जुनी आहे आणि राज्य वीज नियामक आयोगाने 2018 मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी ग्राहकांचा स्वतंत्र वर्ग केला. रात्रीची वीज स्वस्त असे त्या काळचे साधे सूत्र होते. 2023 मध्ये केंद्राने नियम बदलून सौर तास ही कल्पना आणली, म्हणजे दिवसातले असे आठ तास, जेव्हा सौरऊर्जा भरपूर असते आणि वीजदर नेहमीपेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी असावा, तर गर्दीच्या तासांत तो चढा असावा. घरगुती ग्राहकाला ही पद्धत स्मार्ट मीटर बसल्यावर लागू व्हायची आहे. देशातल्या बहुतेक मोटारमालकांपुढे यामुळे पेच पडतो, कारण भर दुपारी, वीज स्वस्त असताना, त्यांची गाडी कचेरीच्या दारात किंवा रस्त्यावर असते आणि रात्री ती घरी येते तेव्हा सूर्य गेलेला असतो. बोरीवलीला हा पेच नाही. येथील मालक दुपारी चर्चगेटला असतो आणि गाडी घरी असते. सूर्य डोक्यावर, रोहित्र तुलनेने मोकळे, वीज स्वस्त, गाडी सावलीत, आणि आड येणारा मालक 34 किलोमीटर दूर. वीजजाळ्याच्या दृष्टीने यापेक्षा आदर्श नागरिक कोणत्याही पाश्चात्त्य अभ्यासकाच्या आराखड्यात सापडणे कठीण आहे.

याचा अर्थ सर्व काही आपोआप ठीक होईल असा नव्हे. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या आणि तेथील दिवे गेले नाहीत, याचे श्रेय तेथील मजबूत जाळ्याला, भरपूर जलविद्युतीला आणि रात्री आपसूक चालणाऱ्या चार्जरांना आहे. बोरीवलीत रोहित्र बदलायचे तर रस्ता खणावा लागतो, आणि खणलेला रस्ता पावसाळ्याआधी बुजवणे ही वेगळी शाखा आहे. म्हणून नवी केबल टाकण्याआधी जुन्या केबलचा रिकामा वेळ वापरणे हे अधिक स्वस्त, अधिक शांत आणि अधिक लवकर होणारे काम ठरते. त्यासाठी सोसायटीने करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत: परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून इमारतीचा मंजूर भार व प्रत्यक्ष भार तपासून घ्यावा, मीटर रूम मोकळी करावी, प्रत्येक गाडीला वेगळ्या मर्जीने वायर ओढू न देता सर्वांसाठी एकच, पुढे वाढवता येईल अशी जोडणी आखावी, आणि चार्जर घेताना तो भार कमी-जास्त करू शकतो की नाही, एवढा एक प्रश्न विक्रेत्याला विचारावा.

राहिला मालक. त्याने वायर संध्याकाळी खुशाल लावावी, कारण ती लावल्याशिवाय त्याला जेवण जात नाही हे समजण्यासारखे आहे. वीज मात्र दुपारी किंवा उत्तररात्री, थोडी थोडी, शेजाऱ्याच्या वाट्याचा विचार करून घ्यावी, आणि केव्हा व किती घ्यायची हा निर्णय सर्वसाधारण सभेपुढे न ठेवता यंत्रावर सोपवावा. सभेला गळती आणि कबुतरे आहेत.